साडेबाराचा केर

गुरुवारी सकाळी सात वाजता अण्णांचं विमान हैदराबादहून दिल्लीला निघालं. दुपारी साडेबारा वाजता वैनींनी घर झाडलं. शनिवारी तार आली.

घडलं ते एवढंच. त्याच्या मधलं जे आहे ते मला आजवर कुणाला सांगता आलं नाही. ज्यांच्या देखत ते बोलता येत नव्हतं त्या वैनी आता राहिल्या नाहीत, म्हणून लिहायला बसलोय. हळूहळू लिहितो. वय झालंय, आणि मधेमधे उठून बाहेर जाऊन यावं लागतं.

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आलोय. खरं सांगायचं तर त्यातल्या बहुतेकांवर माझा विश्वास बसलेला नाही. पाठीमागून येणारी पावलं, झाडाखाली उभी असलेली बाई... वाचायचं, पान उलटायचं. मी उभा जन्म मुलांना भूगोल शिकवला. अमुक ठिकाण तमुक ठिकाणापासून किती लांब आहे हे एकदा कळलं की जगातलं निम्मं भय जातं, असं मी वर्गात म्हणायचो. आजही माझा देवावर जेमतेम आणि भुतांवर अजिबात विश्वास नाही. तरीही हे लिहितोय.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. पुढं जो गोंधळ झाला त्याची तेव्हा लोहाऱ्यात कुणाला कल्पना नव्हती. लोहारा म्हणजे तेव्हा एक बाजारपेठ, एक चावडी आणि भोवती काळी रानं. आम्ही लिंगायत. घरात कानडी-मराठी मिसळून चालायचं, आईला आम्ही अव्वा म्हणायचो. वडील आधीच गेले होते. मी बावीस वर्षांचा, गावच्या शाळेत नुकताच मास्तर झालेला. शाळा उर्दूतली, त्यामुळं भूगोलाला आम्ही जुग्राफिया म्हणायचो. माझे थोरले भाऊ शिवलिंगअण्णा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. हैदराबादेत एका बॅरिस्टरांकडं कारकून होते. तिथं त्यांना एकच खोली, तीही दुसऱ्या एका कारकुनाबरोबर. म्हणून वैनी आमच्याजवळ लोहाऱ्यात असायच्या आणि अण्णा सुटीला यायचे. लग्नाला चार वर्षं झाली होती. दिवस मोजले तर दोघं एकत्र राहिले असतील ते जेमतेम सहा-सात महिने.

त्या उन्हाळ्यात अण्णा चार दिवसांसाठी आले आणि येताना एक बातमी घेऊन आले. बॅरिस्टरांचे काही कागद दिल्लीच्या कोर्टात तातडीनं पोचवायचे होते. आगगाडीनं उशीर झाला असता, म्हणून त्यांनी अण्णांचं विमानाचं तिकीट काढलं होतं. आमच्या पंचक्रोशीत विमानात बसलेला माणूस नव्हता. बाजारात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. एकानं तर अण्णांना विचारलं, "वर गेल्यावर खाली पडतोय असं वाटलं तर धरायला काय असतंय?" अण्णा म्हणाले, "शेजारच्याला धरायचं."

आता आमच्या घरातला एक नियम सांगायला हवा. माणूस गावाला गेला की त्याच्या पाठोपाठ केर काढायचा नाही, हे सगळीकडंच पाळतात. वेशीच्या बाहेर गेला की झालं. आमच्या घरात मात्र तो नियम फार कडक होता. माणूस मुक्कामाला पोचेपर्यंत झाडू उचलायचा नाही. का, ते अव्वालाही माहीत नव्हतं. तिच्या सासूनं पाळलं म्हणून ती पाळायची. कोण कुठं गेलं की किती वेळ थांबायचं, हे तिला पाठ होतं. जळकोटला बैलगाडीनं गेला तर संध्याकाळपर्यंत. सोलापूरला गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. अण्णा सुटी संपवून हैदराबादला निघाले की दीड दिवस.

मंगळवारी सकाळी अण्णा निघाले. बैलगाडीनं जळकोट, तिथून सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरची मोटार, बुधवारचा दिवस हैदराबादेत, आणि गुरुवारी सकाळी विमान. गाडीत ट्रंक ठेवून झाली तेव्हा अव्वा उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "म्हंजी दिल्लीला पोचूस्तवर झाडू न्हाय लावायचा."

वैनींचा चेहरा उतरला. कारण गुरुवारी दुपारी एक वाजता मठातले स्वामी आमच्याकडं प्रसादाला येणार होते. जंगम घरी आले की त्यांचे पाय धुवून पूजा करायची असते, आणि वैशाख संपत आलेला, वारा सुटलेला. अंगणातला काडीकचरा दिवसभर घरात यायचा. तीन दिवसांच्या केरात स्वामींना बसवायचं कसं?

अण्णा हसले. म्हणाले, "अव्वा, विमान हाय ते. ताशी दीडशे मैल जातंय. सकाळी सातला उडालं की संपलं. कधी पोचतंय ते बसूला विचार. मास्तर हाय घरात, कशाला काळजी?"

बसू म्हणजे मी. माझ्या खांद्यावर थाप मारून ते गाडीत बसले. वैनी आतल्या दारात होत्या. अण्णांनी तिकडं एकदा पाहिलं आणि गाडी हलली.

बुधवारी दुपारी अव्वानं मला बसवलं. माझ्याकडं हैदराबादच्या जुन्या बाजारात घेतलेला एक इंग्रजी ॲटलास होता. तो जमिनीवर उघडला. अव्वा अण्णांच्या गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यासाठी सूत पिळत बसली होती. त्यातलंच वीतभर मागून घेतलं. एक टोक हैदराबादवर धरलं, दुसरं दिल्लीवर, आणि नखानं खूण करून ते खालच्या मापावर ठेवलं.

"सातशे ऐंशी मैल," मी म्हणालो.

"म्हंजी किती कोस?"

"चारशेच्या आतबाहेर धर."

"शिवा शिवा. चारशे कोस, आन् दुपारच्याला पोचतंय म्हंतोस?"

"पाच तास बारा मिनिटं. सातला निघालं तर बारा वाजून बारा मिनिटांनी दिल्ली. उडायला-उतरायला अठरा मिनिटं जास्तीची धरू. साडेबारा. साडेबाराला खुशाल केर काढा."

अव्वा सूत पिळायची थांबली. "बसू, ते मधी कुठं थांबत न्हाय व्हय?"

"नाही."

"बैल सुदिक चार कोसावर पानी पितोय. ह्ये चारशे कोस जाणार आन् घोटभर पानी न्हाय?"

मला हसू आलं. खूप हसलो मी. "अव्वा, मोटारीला स्टँड असतो, आगगाडीला स्टेशन असतं. आकाशात कुठं स्टेशनं असतात?"

"मला काय म्हाईत यप्पा. म्या काय शिकल्याली हाय? पर तान तर लागत आसंलच की त्याला."

"यंत्राला तहान लागत नाही."

वैनी पलीकडं तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली होती. मला ते नक्की आठवतं, कारण त्या काहीतरी बोलणार असं वाटून मी थांबलो होतो. पण त्यांनी पुन्हा सुपात पाहिलं. मी ॲटलास मिटला. बावीस वर्षांचा होतो. घरात प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर फक्त मला देता आलं होतं.

गुरुवारी सकाळपासून घर माझ्या घड्याळावर चालत होतं. वडिलांचं साखळीचं घड्याळ होतं, ते मी आदल्या दिवशी शाळेतल्या घड्याळाशी जुळवून आणलं होतं. चुलीपाशी पुरणाचा वास, आणि पायाखाली तीन दिवसांचा कचरा. चालताना करकर वाजायचं. बारानंतर अव्वा आत-बाहेर करायला लागली. "झालं का? स्वामी येतील की आता." मी म्हणायचो, "अजून वीस मिनिटं." "अजून बारा." माझं मलाच बरं वाटत होतं की मी एक मिनिटही इकडचं तिकडं करत नाही.

साडेबारा वाजले. मी म्हणालो, "वैनी, काढा."

वैनींनी झाडू घेतला आणि तशाच उभ्या राहिल्या. "भावजी, नक्की ना?"

"नक्की."

"मधी कुठं उतरलं-बितरलं असंल तर?"

"तुम्ही पण अव्वाचंच धरलं का वैनी? अण्णा आता दिल्लीच्या जमिनीवर उभे असतील. टांगा बघत असतील."

त्या एक क्षण माझ्याकडं बघत राहिल्या. मग पदर खोचला आणि आतल्या खोलीपासून झाडायला सुरुवात केली.

घर तीन खोल्यांचं. आतली खोली, मधलं घर, पुढं सोपा. केर सोप्याच्या उंबऱ्यापाशी गोळा झाला. राख, कडब्याचे तुकडे, कोंबडीचं पीस, कडुलिंबाची वाळकी पानं, सगळं रोजचंच. वैनी सुपलीत भरायला वाकल्या आणि म्हणाल्या, "हे काय वो?"

मी पाहिलं. केरात काही फळं पडली होती. फळं म्हणावीत की बिया, मला तेव्हा समजेना. अंगठ्याच्या टोकाएवढं टोकदार बोंड, आणि त्याच्या डोक्यावर पाच पंख. तीन लांब, दोन आखूड. विटकरी-करड्या रंगाचे, पातळ, शिरा दिसणारे. वाळकी नव्हती, देठाशी अजून हिरवट होती. वैनींनी एक उचललं, बघितलं आणि टाकून दिलं, तर ते सरळ पडेना. गरगर फिरत, सावकाश खाली आलं. दुसरं टाकलं, तेही तसंच.

"चिमण्यांनी आणलं आसंल," अव्वा म्हणाली. "चला, आवरा."

मोजली तर सात होती. मी ती वेचून एका ताटलीत ठेवली. पुस्तकी माणसाची सवय, दुसरं काही नाही.

एक वाजता स्वामी आले. पूजा झाली, जेवायला बसले, तेव्हा ताटलीकडं त्यांचं लक्ष गेलं. "हे कुठलं?"

"केरात निघालं स्वामी," अव्वा म्हणाली.

त्यांनी एक हातात घेऊन फिरवून पाहिलं. "इकडचं न्हवं हे. आमी श्रीशैलापतुर चालत गेलोय, कुठं न्हाय बघितलं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मास्तर, तुमच्या बुकात बघा की. बुकात समदं असतंय म्हणं."

सगळे हसले. मीही हसलो. स्वामी गेल्यावर त्यातली तीन फळं ॲटलासात, हिंदुस्थानच्या नकाशाच्या पानात ठेवली आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलं — "गुरुवार, १२॥, केरात. एकूण ७." बाकीची चार वैनींनी उकिरड्यावर टाकली.

शनिवारी दुपारी तारेचा माणूस सायकलवरून आला. तार इंग्रजीत होती. गावात ती वाचू शकणारे आम्ही दोघं-तिघंच, त्यामुळं ती माझ्याच हातात आली. अव्वा आणि वैनी समोर उभ्या होत्या. मी ती वाचली. मग मराठीत सांगायची होती. ते मी कसं सांगितलं, कोणते शब्द वापरले, हे मला आजही आठवत नाही. अव्वा खाली बसली एवढं आठवतं.

बारा दिवसांनी अण्णांबरोबर काम करणारे आणि त्यांच्याच खोलीत राहणारे करीमसाहेब अण्णांची ट्रंक घेऊन आले. बॅरिस्टरांनी त्यांनाच तिकडं पाठवलं होतं. थकलेला, मोठ्या डोळ्यांचा माणूस. अव्वाच्या पाया पडले आणि सोप्यात भिंतीला टेकून बसले. त्यांनी जे सांगितलं ते असं. विमान नागपूरला उतरलं होतं. तिथं तेल भरून घ्यायला ते नेहमीच उतरायचं. एरवी तासाभरात निघायचं, त्या दिवशी यंत्रात काही बघायचं होतं म्हणून अडीच-तीन तास थांबलं. अकरा चाळीसला पुन्हा उडालं. नागपूरच्या उत्तरेला डोंगर आहेत, जंगल आहे. तिथल्या लोकांनी भरदुपारी आवाज ऐकला. किती वाजता? त्यांच्याकडं घड्याळं नव्हती. जंगलखात्याच्या शिपायाकडं होतं. साडेबारा, तो म्हणाला.

अण्णांना गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवरून ओळखलं. आपल्यात पुरतात हे करीमसाहेबांना माहीत होतं. त्यांनीच उभं राहून तिथल्या तिथं माती दिली. डबी त्यांनी रुमालात बांधून आणली होती. ती अव्वाच्या हातात ठेवली आणि मग म्हणाले, "मास्टरसाब, ट्रंक आप खोल लो."

ट्रंक एका बाजूनं चेपली होती. मी ती उघडली. वैनी दारात होत्या. वर कोट होता. तो उचलून झटकला, तर घडीतून काहीतरी निसटलं आणि गरगर फिरत, सावकाश जमिनीवर आलं.

पाच पंख. तीन लांब, दोन आखूड.

करीमसाहेबांनी ते सहज उचलून बाजूला ठेवलं. "उधर येइच पडे थे, मास्टरसाब. जिधर देखो उधर. जरा हवा चली की ऊपर से घूमते-घूमते आते. गाँव के लोगां साल का झाड बोलते."

मी मान वर केली. वैनी माझ्याकडं बघत होत्या. मग त्या आत गेल्या.

त्या उन्हाळ्यानंतर मी या गोष्टीची जमेल तेवढी चौकशी केली. सालाचं झाड आमच्या मुलखात नाही. धाराशिवला एक जंगलखात्याचे अधिकारी होते, त्यांना फळ दाखवलं. त्यांनी लगेच ओळखलं, आणि हे इकडं आणलं कुणी, असं मलाच विचारलं. हैदराबादला वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवलं. वाऱ्यानं ही फळं फार तर झाडापासून शे-दोनशे पावलं जातात, म्हणाले. अण्णा त्यापूर्वी कधी तिकडं गेले नव्हते. आमच्या घरी तिकडचा कुणी आला नव्हता. मला तर एकदा असंही वाटलं की माझीच आठवण उलटीपालटी झाली असेल, ॲटलासातली फळं ट्रंकेतून पडली तेव्हाचीच असतील. पण पेन्सिलीची नोंद माझ्या अक्षरात आहे आणि ती त्या गुरुवारची आहे. मठात जाऊन स्वामींनाही विचारलं. त्यांना ती ताटली चांगली आठवत होती.

ज्या ठिकाणी विमान पडलं तिथून लोहाऱ्यापर्यंतचं अंतर मी त्याच सुतानं मोजलं. तीनशे चाळीस मैल. त्या विमानाला हे अंतर कापायला सव्वादोन तास लागले असते. त्या सात फळांना किती लागले, ते मला मांडता येत नाही. मी पुष्कळदा मांडून पाहिलं.

पण खरं सांगतो, फळं कशी आली हा प्रश्न मला तेवढा छळत नव्हता. छळत होतं ते दुसरंच. मी म्हणालो होतो, आकाशात स्टेशनं नसतात. अव्वानं विचारलं होतं, तहान लागत नाही का. अडाणी बाईला जे कळलं ते मला कळलं नाही. विमान हवेत असताना आमच्या घरात केर निघाला, तो माझ्या सांगण्यावरून. झाडूनं विमान पडत नाही, हे मला कळतं. भूगोलाचा मास्तर आहे मी. पण कळणं वेगळं आणि रोज सकाळी ते मनात घेऊन उठणं वेगळं. अव्वा तीन वर्षांनी गेली. त्या दिवसाबद्दल मला एक शब्द बोलली नाही. पुन्हा मला कशाचंही अंतर मात्र तिनं कधी विचारलं नाही.

वैनी माहेरी गेल्या नाहीत. आपल्यात दुसरं लग्न लावतात. त्यांचे भाऊ दोनदा विचारायला आले. त्या नको म्हणाल्या. माझं लग्न झालं, मुलं झाली, घर वाढलं, आणि त्या सगळ्यांत वैनी होत्या. रोज सकाळी घर त्याच झाडायच्या. सुना आल्या तरी झाडू कुणाच्या हातात दिला नाही. त्या मला भावजी म्हणायच्या, मी त्यांना वैनी. जेवायला वाढायच्या, चष्मा शोधून द्यायच्या, दुखलंखुपलं विचारायच्या. त्या गुरुवारबद्दल आम्ही एकमेकांशी अवाक्षर काढलं नाही. त्या मला मनात दोष देत असणार, हे मी धरून चाललो होतो. देण्यासारखाच होता. माझी बायको एकदा वैतागून म्हणाली होती, "तुम्ही दोघं एका खोलीत आलात की तिसरं माणूस मेल्यासारखं गप्प का बसता?"

पुढं भूकंपात ते घर गेलं. ॲटलास शाळेच्या कपाटात होता म्हणून वाचला. आम्ही पत्र्याच्या खोल्यांत राहिलो, मग या नव्या घरात आलो. माझी बायकोही गेली. मुलं आपापल्या नोकरीच्या गावी. मी आणि वैनी, दोन म्हातारी माणसं.

या पौषात वैनी अंथरुणाला खिळल्या. एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होतो. दोन चमचे घेतले आणि त्यांनी हात आडवा धरला.

"भावजी, एक सांगायचं राहिलंय."

"बोला की."

"तुमचं गणित चुकलं म्हणून तुम्ही जन्मभर कुढलात. मला दिसत होतं." त्या थांबल्या. दम लागत होता. "मला म्हाईत होतं."

"काय माहीत होतं?"

"ते नागपूरला उतरणार हाय ते. निघायच्या आदल्या राती त्यांनी मला सांगितलं होतं. तिथं तेल घेतंय, घंटाभर थांबतंय. अव्वाला काय आणू तिथनं, असं मलाच विचारत होते." त्या किंचित हसल्या. "तुम्हाला न्हाय, अव्वाला न्हाय. मला एकटीलाच सांगितलं. मला त्याचंच लई अप्रूप."

मी चमचा वाटीत ठेवला.

"तुम्ही दोरा धरून सांगत होता तवा तोंडावर आलं होतं. पर राती नवऱ्यानं सांगितलेलं सासूपुढं कसं बोलायचं वो? आन् तुम्ही शिकलेले. दीरानं सांगितल्यावर मी न्हाय म्हणायचं? दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन उभी राहिले तवा बी वाटलं, बोलावं. म्हणून तर इच्यारलं तुम्हाला, मधी उतरलं तर. तुम्ही नक्की म्हणालात... मग झाडलं."

बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला. पेज गार झाली.

शेवटी मी विचारलं, "वैनी, ती फळं आठवतात तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं केर भरताना आधी बघायची मी. परत कधी न्हाय आली."

त्यानंतर पाचव्या दिवशी त्या गेल्या. सकाळ होती.

लोक म्हणतील योगायोग, म्हणतील म्हाताऱ्याचा भ्रम. म्हणू देत. माझ्याकडं खुलासा नाही, आणि तो मिळेल असं आता वाटतही नाही. एकाच घरात दोन माणसं एकच गोष्ट आपापल्या पोटात घेऊन पन्नास वर्षं जगली, त्याचाही माझ्याकडं खुलासा नाही. हैदराबाद ते दिल्ली आता विमान न थांबता दोन तासांत जातं. नातवानं सांगितलं.

ॲटलास माझ्यासमोर आहे. त्यात तीन फळं आहेत आणि वीतभर सूत आहे.

वैनींना जाऊन आज तेरा दिवस झाले. त्यांची खोली मी कुणाला झाडू दिलेली नाही. वैनी गेल्या म्हणून गावी आलेली सून रोज विचारते, किती दिवस थांबायचं. मला ते सांगता येत नाही.